दवाखाना गाठेपर्यंत : पाळीव कुत्र्यांच्या प्रथमोपचाराचा आढावा

घरातला कुत्रा उन्हात धापा टाकत कोसळला, त्याला फुरसे चावले किंवा त्याने उंदराचे औषध खाल्ले, तर पशुवैद्याकडे पोचेपर्यंतच्या वेळात मालकाने काय करायचे? प्रश्न वरवर सोपा आहे आणि त्याची उत्तरेही पुष्कळ मिळतात. अडचण एवढीच की ती एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी सांगतो, लगेच उलटी करवा. कुणी बजावतो, तोंडात काहीही घालू नका. कुणी गार पाण्यात बसवायला सांगतो, तर कुणी गार पाण्याचा झटका बसेल म्हणून अडवतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला. काही जुने सल्ले मोडीत निघाले, काहींना नव्याने बळ मिळाले आणि काही प्रश्न अजून खुलेच आहेत. या सगळ्याचा हिशेब एकत्र मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक पशुवैद्यक वाढले ते मुख्यतः घोडे आणि गाईगुरांच्या आधाराने. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, त्या काळात सैन्य, वाहतूक आणि शेती यांना लागणारी जनावरे हीच या शास्त्राची मुख्य चिंता होती. घरात पाळलेल्या कुत्र्याचा विचार नंतर आला आणि आपत्तीच्या काळात त्याचे काय करायचे, हा विचार तर आणखी उशिरा.

हा उशीर किती महाग पडू शकतो, हे लंडनमध्ये १९३९ साली दिसले. हवाई हल्ल्यांच्या भीतीने सरकारी समितीने प्राण्यांच्या मालकांसाठी एक पत्रक काढले. जनावरांना गावाकडे हलवा आणि ते जमत नसेल तर त्यांना वेदनारहित मरण द्या, असा त्याचा आशय होता. युद्ध जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात लंडनमधली सुमारे चार लाख कुत्री-मांजरे मालकांनी मारून घेतली, असे इतिहासकार हिल्डा कीन यांनी या घटनेवरील पुस्तकात नोंदवले आहे. तोवर शहरावर बॉम्ब पडलेला नव्हता. माणसे निर्दय नव्हती. दुसरा कोणता मार्ग आहे हे त्यांना आधी कुणी सांगितलेच नव्हते.

दुसरे वळण २००५ सालचे. अमेरिकेत कतरिना वादळाच्या वेळी बचाव पथकांनी कुत्र्या-मांजरांना सोबत घेण्यास नकार दिला, म्हणून अनेकांनी घर सोडले नाही. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पाळीव प्राण्यांना हलवण्याची तरतूद स्थानिक आपत्ती आराखड्यांत करणे भाग पडले. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर, २०१३ साली, प्राण्यासह स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

तिसरे वळण वैद्यकीय आहे. कुत्र्या-मांजरांच्या हृदयपुनरुज्जीवनावरचे उपलब्ध संशोधन तपासून ‘रिकव्हर’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१२ साली पहिली एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२४ साली ती सुधारली गेली. प्राण्यांच्या तातडीच्या उपचारांत अनुभवाच्या जोडीला पुराव्याची तपासणी रुजली, ती या काळात.

मालकाने किती करावे?

या क्षेत्रातला मूळ वाद हाच आहे आणि त्यात दोन भूमिका आहेत.

पहिली भूमिका म्हणते की मालकाने कमीत कमी करावे. कुत्र्याला शांत ठेवावे, डॉक्टरला फोन लावावा आणि निघावे. घरगुती उपायांनी वेळ जातो आणि कित्येकदा मूळ दुखण्यापेक्षा उपायच अंगावर येतो. माणसांना चालणाऱ्या पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. फिट आली की नाकाशी कांदा धरणारे लोक आजही भेटतात. तो कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. फिट येत असताना आजूबाजूच्या वस्तू बाजूला कराव्यात, तोंडात हात घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट जिवावर बेतू शकते. मालकाने एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले, असे या बाजूचे म्हणणे आहे.

दुसरी भूमिका म्हणते की काही संकटांत पहिली दहा मिनिटेच निर्णायक असतात आणि तेव्हा जवळ फक्त मालक असतो. धमनीतून वाहणारे रक्त किंवा चढत जाणारे शरीराचे तापमान दवाखाना येईपर्यंत थांबत नाही. म्हणून मालकाला शिकवले पाहिजे, आणि ‘काही करू नका’ हा सल्लाही जीव घेऊ शकतो.

कायद्याने या वादात सगळीकडे सारखी बाजू घेतलेली नाही. ब्रिटनच्या १९६६च्या पशुवैद्यक कायद्यात जीव वाचवण्यासाठी किंवा वेदना कमी करण्यासाठी तातडीचा प्रथमोपचार कुणालाही करता येईल, अशी स्पष्ट मुभा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांपुरता राखलेला आहे आणि जखमेच्या मलमपट्टीसारख्या किरकोळ सेवा त्यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित सहायकांना करता येतात. त्या तरतुदीत विचार आहे तो गुरांच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याचा. दुसऱ्या बाजूला, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा सांगतो की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे विनाकारण हाल होऊ नयेत म्हणून वाजवी ती सर्व काळजी घ्यावी. ‘वाजवी’ म्हणजे नेमके किती, याचे उत्तर दर संकटागणिक बदलते. म्हणून आता एकेक संकट पाहू.

उष्माघात : आधी थंड करा, मग निघा

या विषयावरचे मत सगळ्यांत ठळकपणे बदलले आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. त्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५-१०६च्या पुढे गेले की आतले अवयव निकामी होऊ लागतात.

जुना सल्ला असा होता की पाणी कोमटच वापरा. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतील आणि उष्णता आत कोंडेल. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ प्रकल्पातून ब्रिटनमधल्या हजारो दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातून वेगळे चित्र पुढे आले. २०१६ सालच्या नोंदींत उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे १४ टक्के दगावले. बंद गाडीत अडकणे हे कारण लोकांच्या मनात पक्के बसलेले असले तरी जवळपास तीन चतुर्थांश कुत्र्यांना त्रास झाला होता तो फिरणे, पळणे, खेळणे यांतून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात दिसले की दवाखान्यात आणण्याआधी थंड केलेल्या कुत्र्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्केच होते आणि त्यांतल्याही निम्म्यांवर नुसते ओले टॉवेल टाकले होते. अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि वाफ कोंडून ठेवतो.

तरुण, निरोगी कुत्र्याला थंड पाण्यात बसवावे. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर पाणी ओतून पंखा लावावा. आणि मगच गाडीत घालावे, असा आजचा सल्ला आहे. बेशुद्ध कुत्र्याचे डोके पाण्याबाहेर राहील हे पाहावे, त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापमान १०३च्या आसपास उतरले की थंड करणे थांबवावे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक असतो, याबद्दल मतभेद उरलेला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात मात्र नळाचे पाणीच कढत येते. तेव्हा माठातले पाणी, बर्फ घातलेली बादली आणि वारा यांचाच आधार घ्यावा लागतो.

विषबाधा : उलटीचा वाद

उष्माघातात ‘आधी करा’ हा सल्ला टिकतो, पण विषबाधेत तो उलटतो. मीठ पाजून उलटी करवणे हा जुन्या पुस्तकांतला उपाय आज सर्वांनीच सोडला आहे, कारण रक्तातले सोडियम वाढून मेंदूला सूज येऊ शकते. मतभेद उरला आहे तो तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल. अमेरिकेत डॉक्टर फोनवर मार्गदर्शन करत असतील तर ते घरी देण्याची मुभा असते. २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात त्याने दहापैकी नऊ कुत्र्यांना उलटी झाली. याच्या विरोधातला पुरावा असा की पुढच्या एका छोट्या प्रयोगात दुर्बिणीने पाहिल्यावर हे औषध दिलेल्या कुत्र्यांच्या जठराला जखमा आढळल्या. ब्रिटनमधले बहुतेक तज्ज्ञ म्हणूनच घरी उलटी करवूच नये, असे म्हणतात.

दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टीही आहेत. रॉकेल, पेट्रोल, ॲसिड पोटात गेले असेल, कुत्रा गुंगीत असेल किंवा त्याला फिट येत असेल, तर उलटी करवायची नाही. शिवाय विषाचे पाकीट दवाखान्यात सोबत न्यायचे. हे पाकीट फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे ‘उंदराचे औषध’ या एकाच नावाखाली निरनिराळी विषे विकली जातात. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. त्याची लक्षणे तीन-चार दिवसांनी दिसतात आणि त्यावर क जीवनसत्त्वाशी गल्लत होऊ न देता ‘के-१’ जीवनसत्त्वाचा इलाज आठवडेच्या आठवडे चालतो. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळले की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. अशा कुत्र्याला खायला घालू नये आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, कारण त्याच्या उलटीतला वायू माणसालाही बाधतो.

स्वयंपाकघरातली यादी बहुतेकांना माहीत असते : चॉकलेट, कांदा-लसूण, बेदाणे, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम. द्राक्षे आणि बेदाणे नेमके कशाने बाधतात, हे कोडे वर्षानुवर्षे सुटत नव्हते. २०२१ साली अमेरिकी विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंचेने बाधा झालेल्या कुत्र्यांच्या नोंदीही त्यांनी जोडल्या. आमटीपासून चटणीपर्यंत चिंच वापरणाऱ्या आपल्या घरांनी याची दखल घ्यायला हवी. किती चिंच घातक, हे मात्र अजून ठरलेले नाही.

सर्पदंश : बांधावे की नाही?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे एकच प्रतिविष भारतात घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि माणसांसाठी बनवलेले हेच औषध कुत्र्यांनाही दिले जाते. दंशाच्या जागी चिरा देणे, विष चोखणे, दोरीने करकचून आवळणे हे तिन्ही उपाय आज त्याज्य मानले जातात.

वाद आहे तो दाबपट्टीचा. ऑस्ट्रेलियात १९७९ साली स्ट्रुआन सदरलँड यांनी दंश झालेला अवयव रुंद पट्टीने गुंडाळून स्थिर ठेवण्याची पद्धत मांडली. तिथल्या चेतासंस्थेवर परिणाम करणाऱ्या सापांसाठी ती उपयोगी ठरली. भारतातल्या माणसांच्या उपचारपद्धतीने मात्र ती उचललेली नाही. धीर देणे, अवयव स्थिर ठेवणे आणि तडक रुग्णालय गाठणे यांवर तिचा भर आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने मांस सडते. तिथे विष एका जागी कोंडून धरले तर नुकसान वाढण्याची भीती असते. कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. कुत्रा सापाला हुंगायला जातो, त्यामुळे दंश पुष्कळदा तोंडावर होतो आणि तिथे पट्टी बांधताच येत नाही. त्याला चालू न देता उचलून नेणे आणि सूज चढायच्या आत गळ्यातला पट्टा काढणे, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे.

हृदय थांबले तर

हृदयपुनरुज्जीवन शिकवणाऱ्या कार्यशाळा लोकप्रिय आहेत. ‘रिकव्हर’ची तत्त्वे स्पष्ट आहेत : बहुतेक कुत्र्यांना कुशीवर निजवून मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, दर दाबाला छाती एक तृतीयांश ते निम्मी खाली जाऊ द्यायची आणि माणूस एकटाच असेल तर तीस दाबांनंतर नाकातून दोन श्वास. बुलडॉगसारख्या रुंद छातीच्या कुत्र्याला पाठीवर निजवायचे.

प्रश्न पडतो तो परिणामाबद्दल. दवाखान्यात, उपकरणे हाताशी असतानाही हृदय थांबलेल्या कुत्र्यांपैकी घरी परतणाऱ्यांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आतबाहेर आहे. भुलेखाली असताना हृदय थांबले तर आशा बरीच जास्त असते, पण तो प्रसंग घरात येत नाही. म्हणून काही तज्ज्ञांना वाटते की हा वेळ रक्तस्राव, उष्माघात आणि धोक्याची लक्षणे शिकवण्यात घालवावा. पोट फुगलेला, ओकाऱ्या काढत असूनही ज्याच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नाही असा जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन म्हणजे जठराला पीळ पडल्याची शंका. तिथे घरात करण्यासारखे काही नसते आणि तासाभराचा उशीरही महागात पडतो. दुसरी बाजू म्हणते की बुडालेल्या किंवा विजेचा धक्का बसलेल्या कुत्र्याला दुसरी संधी नसते आणि शिकलेले हात वाया जात नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शिकवणाऱ्याने हे आकडे आधीच सांगितले, तर मालक खोटी आशाही बाळगणार नाही आणि पुढे स्वतःला दोषही देणार नाही.

जखमा, अळ्या आणि स्वतःची सुरक्षा

रक्तस्रावावर स्वच्छ कापडाचा थेट दाब हाच पहिला उपाय. आवळपट्टीबद्दल मते विभागलेली आहेत. सैन्यातल्या आणि पोलिसांच्या श्वानांवर तिचा वापर शिकवला जातो, पण कुत्र्याचा पाय खाली निमुळता होत जातो आणि माणसांसाठी बनवलेली पट्टी त्यावरून घसरते.

जखमेत अळ्या पडणे ही आपल्या हवामानातली नित्याची तक्रार आहे आणि परदेशी पुस्तकांत तिला जेमतेम जागा मिळते. टर्पेंटाइन तेलाचा बोळा हा गुरांच्या दवाखान्यांतला जुना उपाय. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणारे काही कार्यकर्ते तो आजही वापरतात, तर अनेक पशुवैद्य ऊतींचा दाह होतो म्हणून तो टाळतात आणि अळ्या चिमट्याने काढून औषध देतात. रॉकेल, फिनाईल आणि डांबरगोळ्यांची पूड मात्र कुणीच सुचवत नाही.

इथेच एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. रेबीज झालेल्या कुत्र्याचा जबडा कधीकधी लोंबतो, लाळ गळते आणि त्याला गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले. मायेपोटी तोंडात घातलेला हात अशा वेळी जिवावर बेततो. कुत्र्याच्या लसीकरणाची खात्री नसेल तर तोंडात हात घालायचा नाही. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचे. ओळखीचा, लस दिलेला कुत्राही वेदनेत चावतो. म्हणून ओढणीचे किंवा पट्टीचे मुसके बांधावे. मात्र उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाक चपटे असेल तर मुसके घालू नये.

पूर्वतयारी

तंत्रांवर वाद आहेत, तयारीवर जवळजवळ नाहीत. पेटीत गॉझ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, सलाइन, बोथट टोकाची कात्री, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, हातमोजे, टॉवेल आणि मऊ पट्टी एवढे पुरते. त्याहून महत्त्वाचे कागद : लसीकरणाची वही, कुत्र्याचे ताजे वजन, चालू औषधे आणि फोटो. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, हे दिवसा जाऊन पाहून ठेवावे. मोठ्या शहरांत अशी सोय मिळू लागली आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जुने आहे आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे रुग्णालय २०२४ साली उघडले. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, पण त्या पथकांची रचना प्रामुख्याने पशुधनासाठी झालेली आहे. तयारीत कुत्र्याचाही वाटा असतो : तोंड उघडून पाहू देणे, मुसके घालू देणे, पिंजऱ्यात शांत बसणे, या सवयी लहानपणीच लावाव्या लागतात.

आपत्तीच्या वेळी दोन रास्त बाजू समोर येतात. २०१८ सालच्या केरळच्या पुरात त्रिशूरमधल्या एका महिलेने आपल्या पंचवीस कुत्र्यांशिवाय घर सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे पथक आले. प्राण्यांना जागा दिली तर माणसेही वेळेत निघतात, असे एका बाजूचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला निवारा शिबिरांतली गर्दी, लहान मुले, चाव्याची आणि रोगाची भीती आहे. जपानच्या तत्त्वांनी यातून मधला मार्ग काढला : कुत्र्याला सोबत घेऊन बाहेर पडावे, पण शिबिरात त्याची राहण्याची जागा वेगळी असू शकते. २००५ साली मुंबईच्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. कुत्र्यांनाही हा आजार होतो आणि त्यावर त्यांच्यासाठी लस आहे. म्हणून ती पावसाळ्यापूर्वी देणे हाही पूरतयारीचाच भाग. आणि पाणी चढत असताना कुत्र्याला साखळीला बांधून ठेवू नये, यावर दुमत नाही.

काय बाकी आहे

पुरावा नीट वाचला तर ‘मालकाने किती करावे’ याचे एकच उत्तर निघत नाही. उष्माघातात आधी करावे, विषबाधेत आधी विचारावे, सर्पदंशात आणि जठराच्या पिळात फक्त निघावे, रक्तस्रावात वाटभर दाब धरून ठेवावा. वादाच्या दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरतात.

तीन प्रश्न मात्र उरतात. पहिला पुराव्याचा : उष्माघाताची आकडेवारी ब्रिटनच्या हवामानातली आहे, विषबाधेची बरीचशी अमेरिकेतली. चंद्रपूरच्या उन्हात लॅब्रॅडॉर आणि गावठी कुत्रा यांना किती वेगळा धोका असतो, कोकणात फुरसे चावलेली किती कुत्री कोणत्या उपचाराने वाचतात, हे इथल्याच दवाखान्यांच्या नोंदींतून कळू शकेल. दुसरा प्रश्न शिकवायचे कुणी, हा : शिरवळ, परळ, नागपूरची महाविद्यालये, फिरती पथके आणि खासगी डॉक्टर यांच्यापैकी हे काम अजून कुणाच्याच वाट्याला ठरवून आलेले नाही. तिसरा प्रश्न अंतराचा आणि तो सगळ्यांत अवघड आहे. ‘काही करू नका, लगेच दवाखान्यात या’ हा सल्ला जिथे दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे तिथे लिहिला गेला. सर्वांत जवळचा पशुवैद्य दोन तासांवर असेल आणि फोनच दवाखान्याची जागा घेत असेल, तेव्हा मालकाला किती मोकळीक द्यायची, याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे जवळपास गप्प आहेत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच कुत्र्यांचे मालक याच अंतरावर राहतात. म्हणून इथे उपयोगी पडेल अशा प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत प्रत्येक सल्ल्यापुढे तो किती अंतरासाठी आहे, हेही लिहिलेले असायला हवे.